ताज्या कलमातली नडगी

*नमस्कार,*

*वय ३८, नोकरी बैठी, मुलं दोन. तीन वर्षांपूर्वी धावायला लागले. गेल्या हंगामात हाफ मॅरेथॉन २ तास ५ मिनिटांत केली आणि त्याच झिंगेत फुल मॅरेथॉनला (४२ किलोमीटर) नाव नोंदवून बसले. शर्यतीला ९ आठवडे राहिलेत. ध्येय ४ तासांच्या आत.*

*आमच्या ग्रुपमधल्या एकाने केनियाच्या अव्वल धावपटूंचं आठवड्याचं वेळापत्रक पाठवलं. मंगळवारी ट्रॅकवर इंटर्व्हल (थोडं जोरात, मग थोडी उसंत, असं आलटून पालटून), गुरुवारी लाँग रन, शनिवारी फार्टलेक (न थांबता, वेग कमी-जास्त करत धावणं), बाकीच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ धाव. ते लोक आठवड्याला २०० किलोमीटर धावतात. मी कशीबशी ६५ वर पोचलेय, तीही पहाटे चारला उठून. पण महिनाभरात वेग वाढायचा सोडून उतरलाय. इझी रन सहाच्या पेसने (किलोमीटरला सहा मिनिटं) करते, तरी संपेपर्यंत जीव निघतो. घड्याळ म्हणतं, विश्रांतीची नाडी ७-८ ठोक्यांनी वाढलीय. झोप लागत नाही, घरात सगळ्यांवर खेकसते. त्यातल्या त्यात बरं म्हणजे वजन ४ किलो उतरलं.*

*किलोमीटर कसे वाढवू? शर्यतीआधी एकदा तरी ४० किलोमीटर धावायलाच हवं का? तळव्यात कार्बनची पट्टी असलेले ते कार्बन प्लेटवाले बूट घेऊ का? आणि खरं सांगा, माझ्यासारखीने या भानगडीत पडावं का, की हे अंतर त्यांच्यासारख्यांचंच?*

*— पहाटे चारवाली*

*ता. क. उजव्या नडगीत आतल्या बाजूला तीन आठवडे दुखतंय. एकाच ठिकाणी, बोटाने दाखवता येईल असं. धावायला लागलं की विसरायला होतं.*

प्रिय पहाटे चारवाली,

पत्र हातात आलं की मी आधी ता. क. वाचतो. ज्याची मनातून भीती वाटते ते माणसं सही झाल्यावर, सहज आठवल्यासारखं लिहितात. म्हणून तुमचे चार प्रश्न जरा थांबवून ठेवतो आणि नडगीपासून सुरुवात करतो.

धावणाऱ्यांच्या नडग्या दुखतातच. बहुतेकांचं दुखणं आतल्या कडेने वीतभर पसरलेलं असतं, सुरुवातीला ठणकतं, अंग गरम झालं की कमी होतं. त्याला शिन स्प्लिंट म्हणतात आणि भार कमी केला की ते बहुधा आवरतं. तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे. एकच जागा, बोट ठेवून दाखवता येणारी, तीन आठवडे हटून बसलेली. हाडावर ताण येऊन बारीक चीर जायला लागली की असं दुखतं. तेच झालंय असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, पण तपासून घेईपर्यंत धावणं बंद. ऑर्थोपेडिक किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना गाठा आणि 'एकाच ठिकाणी' हे शब्द आवर्जून सांगा. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रे पुष्कळदा साफ येतो. एमआरआयमध्ये असली चीर खूप आधी दिसते. एक्स-रे साफ आला म्हणून दुसऱ्याच दिवशी बूट चढवणारे मी पाहिलेत. त्यातल्या एकाला महिन्याभरात कुबड्या घेऊन येतानाही पाहिलंय. पेनकिलर गिळून धावायचा विचार तर मनातही आणू नका. दुखणं झाकलं जातं आणि तासन्‌तासाच्या धावेत, घाम जात असताना, त्या गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात.

आता एक खासगी प्रश्न विचारतो. पाळी नियमित येतेय ना? चार किलो वजन उतरलं हे तुम्ही एकमेव चांगली बातमी म्हणून लिहिलंत. मला ती धोक्याची घंटा वाटली. खाणं तेवढंच, धावणं दुप्पट, झोप निम्मी असं झालं की शरीर काटकसर सुरू करतं. पाळी लांबते किंवा थांबते, हाडांची डागडुजी मागे पडते, चिडचिड वाढते, वेग उतरतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. अव्वल धावपटू मुलींची कारकीर्द यात बुडते, पुरुषही यातून सुटत नाहीत. डॉक्टरांना हेही सांगा. रक्त तपासाल तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही बघायला सांगा, कारण लोहाचा साठा आटलेला असला तरी हिमोग्लोबिन काही काळ ठीक दिसतं. आणि आजपासून पोटभर खा. शर्यतीच्या तयारीत वजन उतरवायचं नसतं.

एवढं झालं की मग वेळापत्रक.

तुमच्या मित्राने पाठवलेलं वेळापत्रक खोटं नाही. मंगळवार ट्रॅक, गुरुवार लाँग रन, शनिवार फार्टलेक हा एलिउड किपचोगेच्या आठवड्याचा साचा, केनियातल्या काप्तागातच्या कँपातला. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. त्याचे प्रशिक्षक पॅट्रिक सांग, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधले स्टीपलचेसचे (अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचे) रौप्यविजेते. त्या साच्यातून किपचोगेने दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली आणि २०२२ मध्ये बर्लिन मॅरेथॉनला २:०१:०९ ची वेळ दिली. वेळापत्रकाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की त्यात ते किती धावतात ते लिहिलंय आणि धावून झाल्यावर काय करतात ते गाळलंय. ते खातात, झोपतात, मसाज घेतात, दुपारी पुन्हा झोपतात. आठवड्याचे बरेच दिवस घरापासून लांब, कँपात राहतात. तुम्ही धावून आल्यावर डबे भरता, आठ तास खुर्चीत बसता आणि रात्री अभ्यास घेता. दोघांचा मंगळवार कागदावर सारखा दिसतो, एवढंच.

त्याहून मोठी गोष्ट त्या कागदावर दिसतच नाही. 'इझी' या शब्दाचा त्यांचा अर्थ वेगळा आहे. केनियाच्याच केल्विन किप्टुमने २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ ची मॅरेथॉन धावली, म्हणजे किलोमीटरला साधारण २ मिनिटं ५१ सेकंद. या जातीचे धावपटू सोप्या दिवशी कसे निघतात? किपचोगेच्या कँपातली इझी रन किलोमीटरला पाच मिनिटांहूनही संथ सुरू होते. घोळक्याने, गप्पा मारत. मग हळूहळू अंग मोकळं होईल तशी चारच्या आसपास येते. म्हणजे जगातल्या सगळ्यात वेगवान मॅरेथॉन धावपटूंपैकी एक सोप्या दिवशी स्वतःच्या शर्यतीच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे मिनिटभर ते दोन मिनिटं हळू धावतो, आणि त्याला त्याची लाज वाटत नाही.

आता तुमचा हिशोब मांडू. हाफ २:०५, म्हणजे ५:५५ चा पेस. इझी रन सहाची. पाच सेकंदांचा फरक! तुम्ही रोज पहाटे चारला उठून हाफ मॅरेथॉनची शर्यत धावताय. मग संपेपर्यंत जीव निघाला तर नवल काय?

स्टीफन सायलर नावाच्या अभ्यासकाने नौकानयन, स्कीइंग, सायकल, धावणं अशा दमसासाच्या खेळांतले अव्वल खेळाडू प्रत्यक्षात कसा सराव करतात ते वर्षानुवर्षं तपासलं. त्यांच्या सरावातला साधारण ८० टक्के भाग सोपा निघाला, उरलेला २० टक्के अवघड. हौशी माणसं मधल्या पट्ट्यात अडकतात. सोपी धाव असते तिच्यापेक्षा जरा जड धावतात, त्यामुळे पाय सावरत नाहीत, आणि पाय सावरलेले नसल्यामुळे मंगळवारी जेवढं अवघड धावायला हवं तेवढं धावता येत नाही. सगळे दिवस एकाच रंगाचे होतात. मॅरेथॉनला लागणारं बहुतेक काम, म्हणजे स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होणं, पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढणं, चरबी जाळायची सवय लागणं, हे सगळं सावकाश धावतानाही होतं. दमून जाऊन ते लवकर होत नाही.

तुमचा इझी पेस सात ते साडेसात असावा. घड्याळापेक्षा बोलून बघा. शेजारच्याला काल रात्री घरात काय झालं ते पूर्ण वाक्यांत, न थांबता सांगता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा, चढ आला तर सरळ चाला. ग्रुपमधले पुढे जातील, कोणी तरी 'काय, आज बरं नाही का?' म्हणून विचारेल. (विचारणारा बहुधा वेळापत्रक पाठवणाराच असेल.)

किलोमीटरचं म्हणाल, तर पायांना किलोमीटर मोजता येत नाहीत. त्यांना किती वेळ आपटलो ते कळतं. २०० किलोमीटर सरासरी चारच्या पेसने म्हणजे साडेतेरा तासांच्या आत. तुमचे ६५ किलोमीटर सव्वासातच्या पेसने म्हणजे जवळपास आठ तास. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला जवळपास आठ तास! हे कमी आहे असं कोण म्हणतं? मी तर म्हणेन नडगी बरी झाल्यावरसुद्धा लगेच एवढं नको.

चाळीस किलोमीटरचंही तेच. साडेतीनच्या पेसने धावणारा ते २ तास २० मिनिटांत उरकतो. तुम्हाला इझी पेसने ४ तास ५० मिनिटं लागतील, म्हणजे तुमच्या शर्यतीपेक्षाही जास्त वेळ. त्यानंतर दोन आठवडे तुम्ही कामाच्या राहणार नाही. लाँग रन तीन, फार तर सव्वातीन तासांवर थांबवा. त्यात २५-२७ किलोमीटर होतील आणि तेवढे पुरतात. अशा दोन-तीन झाल्या की झालं. उरलेलं अंतर शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच धावायचं, त्यात कमीपणा नाही.

आता चार तास. वाईट वाटेल, पण कागद-पेन्सिल घ्या. चार तासांसाठी ५:४१ चा पेस लागतो. तुम्ही २१ किलोमीटर ५:५५ ने धावलात. म्हणजे दुप्पट अंतर, आणि तेही जास्त वेगाने, धावायचा तुमचा बेत आहे. हाफच्या वेळेवरून फुलची वेळ काढायचं रीगल यांचं एक जुनं सूत्र आहे. त्यानुसार तुमचे ४ तास २१ मिनिटं निघतात, आणि सराव भरपूर असेल तरच ते खरं ठरतं. आठवड्याला ५०-६० किलोमीटर धावणारे बहुतेक हौशी त्यापेक्षा मागे पडतात. तुम्हाला मी ४:३५ म्हणेन, ६:३१ चा पेस. पहिले दहा किलोमीटर ६:४० ने गेलात तरी काही बिघडत नाही. किप्टुमने त्या शिकागोच्या शर्यतीत पहिला अर्धा भाग ६०:४८ मध्ये आणि दुसरा ५९:४७ मध्ये धावला. दुसरा अर्धा वेगवान! उचलायचंच असेल तर त्याच्याकडून हे उचला. मी माझ्या पहिल्या मॅरेथॉनला सुरुवातीला ५:१० ने उधळलो होतो, लोक टाळ्या वाजवत होते, छाती फुगली होती. ३२ व्या किलोमीटरला एका झाडाला धरून उभा राहिलो. तिथून पुढचे दहा किलोमीटर बहुतेक चालत. त्या दिवसाचे स्प्लिट (टप्प्याटप्प्याच्या वेळा) मी घरात अजून कोणाला दाखवलेले नाहीत.

तीस किलोमीटरच्या पुढे अंगातली ताकद एकदम संपते, जिला वॉल म्हणतात, तिच्या मागे साधं गणित आहे. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात कर्बोदकांचा साठा ढोबळमानाने २,००० कॅलरींचा. धावायला किलोमीटरला, किलो वजनामागे, जवळपास एक कॅलरी जाते. ६० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला अडीच हजार. चरबी त्यात हातभार लावते, पण वेग वाढला की तिचा वाटा घटतो. म्हणून सुरुवातीला उधळलेला माणूस साठा लवकर संपवतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं एनर्जी जेलमधून किंवा पेयातून घ्या, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासूनच, भूक लागायची वाट न बघता. अव्वल धावपटू ९० ग्रॅमपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातात, पण त्यांनी पोटाला महिनोन्‌महिने शिकवलेलं असतं आणि दर पाच किलोमीटरला टेबलावर त्यांच्या नावाची बाटली ठेवलेली असते. तुम्ही लाँग रनमध्ये शिकवा. शर्यतीत मोफत वाटलेलं, आधी कधी न चाखलेलं जेल तोंडात टाकू नका, पोट कधी दगा देईल सांगता येत नाही.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण साडेचार तास रस्त्यावर असणाऱ्यांना हे सांगायलाच हवं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनला ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं निघालं. धावताना इतकं पाणी प्यायले होते की काहींचं वजन शर्यतीत वाढलं होतं. चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांत हा धोका अधिक दिसला. तहान लागेल तसं प्या. दर टेबलाशी थांबायलाच हवं असं नाही.

बुटांचं थोडक्यात सांगतो. कार्बन प्लेटचे जाड बूट २०१७ पासून गाजायला लागले. प्रयोगशाळेत चांगल्या धावपटूंची ऊर्जा सरासरी ४ टक्क्यांनी वाचली. ती ऊर्जा आहे, वेळ नव्हे, आणि साडेसहाच्या पेसला फायदा आणखी कमी, माणसागणिक वेगळा. दुखऱ्या नडगीखाली नवा, उंच, डुगडुगणारा तळ घालायची ही वेळ नाही. जे बूट लाँग रनला पायांना सवयीचे झालेत तेच शर्यतीला.

डॉक्टरांनी 'हाड ठीक आहे' म्हटलं, तर पहिले दोन आठवडे धावणं-चालणं आलटून पालटून करा. त्यानंतर आठवड्यातून चारच दिवस धावा. दोन खरोखरच्या इझी, एक लाँग, आणि एकीत थोडा वेग, उदाहरणार्थ वीस-पंचवीस मिनिटं टेंपो, म्हणजे जड पण टिकवता येईल अशा एकसारख्या वेगाने. दोन दिवस अर्धा-अर्धा तास पोटऱ्या, मांड्या, नितंबांचा व्यायाम. संध्याकाळची दुसरी धाव विसरा, ती अर्धा तास झोपेला द्या. शेवटचे दोन आठवडे टेपर: अंतर निम्म्याच्या आसपास आणा, पण अधूनमधून शर्यतीच्या वेगाने पाय मोकळे करत राहा. तेव्हा अंग जड वाटेल, नसलेली दुखणी सुचतील, तयारी वाया गेली असं वाटेल. अव्वल धावपटूंनाही तसंच वाटतं.

आणि डॉक्टरांनी चीर आहे असं सांगितलं, तर ही शर्यत सोडा. काही आयोजक नोंदणी पुढच्या वर्षावर ढकलून देतात, विचारून बघा. तोवर सायकल किंवा पाण्यात धावणं चालेल का ते डॉक्टरांना विचारा. हृदयाला आणि फुप्फुसांना तुम्ही कशाने दमलात याच्याशी फारसं देणंघेणं नसतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, हे अंतर त्यांच्यासारख्यांचंच का. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन आठवते. गारठवणारा पाऊस, समोरून वारा, एकामागून एक नावाजलेले धावपटू शर्यत सोडत होते. पुरुषांत पहिला आला युकी कावाउची, २:१५:५८. तो तेव्हा जपानमध्ये एका सरकारी शाळेच्या कचेरीत पूर्णवेळ नोकरी करत होता. कामामुळे बहुतेक दिवशी एकदाच धावायचा आणि जड सराव म्हणून वर्षभर लहान-मोठ्या शर्यती धावत सुटायचा. स्त्रियांत दुसरी आली सारा सेलर्स, २:४४:०४. पूर्णवेळ भूल देणारी परिचारिका, तिची ती आयुष्यातली दुसरीच मॅरेथॉन. त्यांचं उदाहरण मी 'बघा, तुम्हालाही जमेल' म्हणून देत नाही. त्या दोघांचं अंगभूत सामर्थ्य वेगळंच आहे, तुमच्या-माझ्यात ते नाही. पण दोघांनीही नोकरीच्या वेळांत बसेल असा आपला आठवडा बेतला होता. कँपात राहणाऱ्यांचा आठवडा त्यांना पेलला नसता, मग तुम्ही तो का अंगावर घेतलात?

उद्या पहाटे चारचा गजर लावू नका. डॉक्टरांची वेळ दहाची घ्या, आणि काय म्हणाले ते कळवा. या वेळी ते ता. क. मध्ये नको, पत्राच्या पहिल्या ओळीत लिहा.